उशीची चौथी बाजू

माझी बायको शेवटची तीन वर्षं दर वर्षी आठ दिवस डोंगरातल्या बुद्धविहारात जाऊन राहायची. का जायची, ते मला कधी कळलं नाही. आम्ही एकतीस वर्षं एकाच दुकानात शिवणकाम केलं, डबाही कापडाच्या टेबलावरच उघडला, आणि हे आठ दिवस मात्र ती माझ्यापासून लांब, बसने पाच तासांवर. एकदा मी विचारलं होतं, पण टोमणा मारल्यासारखं.

"माझा एवढा वीट आला का?"

"वीट आला असता तर आठ दिवसांनी परत आले असते का?" असं म्हणून तिने पिशवीची चेन ओढली.

तेवढंच बोलणं झालं. तिला जाऊन आता आठ महिने झालेत. निमोनियाने गेली. दुकान मी पंधरा दिवसांतच उघडलं, कारण घरात बसवेना. पण मशीन चालवताना एकच गोष्ट मन कुरतडायची. ती काही पूजापाठ करणाऱ्यांतली नव्हती. मग तिथे काय होतं, जे इथे नव्हतं? माझ्यामुळेच जात होती का? हे कुणाला विचारणार? ज्या माणसाला विचारायचं ते गेलं.

माझी धाकटी मेहुणी शाळेची बस चालवते. सुट्ट्या लागल्या आणि ती दुकानात येऊन काउंटरवर किल्ली वाजवत उभी राहिली.

"दाजी, उठा. ताईच्या विहारात जाऊन येऊ. तुमचं तोंड बघून गिऱ्हाइकं पळतायत."

"गिऱ्हाइकं माझ्या तोंडासाठी येत नाहीत."

"तेच म्हणते मी."

गेलो. वाटेत मी तिला बजावलं की मी कुणाचा कोण, हे तिथे सांगायचं नाही. सांगितलं की लोक चेहरा पाडतात, चांगलं चांगलं बोलतात, आणि खरं काय ते कळतच नाही. मला खरं कळायला हवं होतं. तिला हे पटलं नाही, पण समोर घाट होता, म्हणून तिने वाद घातला नाही.

घाट संपल्यावर मात्र भरपाई केली. दुकानात माझा एक शब्द सगळ्यांना पाठ होता : उसव. टाका वाकडा, उसव. टाके लांब, उसव. चांगलं असलं तर मी काही बोलत नसे, कपड्याच्या आतल्या बाजूला खडूची छोटी रेघ ओढायचो आणि तो घडी घालायला जायचा. कारागिरांना ती रेघ मिळाली की ते चहा मागवायचे.

"माझ्या नवव्या वाढदिवसाला तुम्ही फ्रॉक शिवून दिलात," मेहुणी म्हणाली. "आठवतं? मी घालून मिरवतेय आणि तुम्हाला दिसलं की एक बाही सूतभर वर आहे. उसव! केक कापायला मी टॉवेल गुंडाळून उभी!"

"पण नंतर बाही बरोबर बसली ना?"

"फोटोत टॉवेलच आहे, दाजी."

ताईला तरी कधी रेघ दिलीत का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तिला कशाला? तिचं काम मी तपासायचोच नाही. बायको डावखुरी. तुमचा-माझा तिरपा टाका उजवीकडे झुकतो, तिचा डावीकडे झुकायचा. तांदळाच्या दाण्याएवढा, एकसारखा. शंभर कपड्यांत तिचा टाका मी बोटाने चाचपून ओळखला असता. गेल्या तीन वर्षांत तिने हाताची शिवण सोडली आणि मापं घेणं, गिऱ्हाइकं बघणं एवढंच ठेवलं. डोळे दुखतात म्हणाली. मी चष्म्याचा नंबर वाढवून आणला. तिने तो घातलाही.

विहार लहान आहे. दगडी पायऱ्या, मग एक लांबट इमारत, खाली स्वयंपाकघर, वर ध्यानाची खोली, मागे भाजीचा मळा. नऊ भंते राहतात. कोठीचं बघणारे भंते दारातच भेटले, कानांवर लोकरी टोपी ओढलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा. इथली रीत त्यांनी तिथल्या तिथे सांगितली. पाहुण्याने सकाळी एक काम करायचं, येत असेल ते. आणि उठल्यापासून दुपारच्या जेवणाची घंटा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. भंतेही नाहीत.

"तुम्हाला काय येतं?" त्यांनी मेहुणीला विचारलं.

"बस चालवता येते आणि पोरांवर ओरडता येतं."

"इथे दोन्हीची गरज नाही. भांडी घासाल?"

मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, शिवणकाम. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मग ध्यानाच्या खोलीतल्या उशा जरा बघाल का? एक-दोन ठिकाणी कापूस डोकावतोय. जिथे उसवलंय तिथे दोन टाके घाला, बस्स."

मी मान डोलावली. जिथे उसवलंय तिथे दोन टाके. हे शब्द मी नीट ऐकले होते, हे मुद्दाम सांगतो.

रात्री झोप चांगली लागली. खोलीत एक खाट, एक खुंटी आणि एक खिडकी. आठ महिन्यांत पहिल्यांदाच दुसरी बाजू रिकामी वाटली नाही, कारण त्या खाटेला दुसरी बाजूच नव्हती.

सकाळी तोंड धुऊन वर गेलो. खिशात नेहमीचं सामान होतं : छोटी कात्री, फडक्यात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड, बोटात घालायचं अंगुस्तान, सुया, दोऱ्याची रिळं आणि खडू. ते घेतल्याशिवाय मी लग्नालाही जात नाही. ध्यानाच्या खोलीत भिंतीला लागून वीस उशा मांडलेल्या, बसायच्या, जाड, विटकरी रंगाच्या. शेवटच्या उशीवर थोरले भंते बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, डोळे मिटलेले. बाकी कुणी नाही.

पहिली उशी उचलली आणि मला कसंतरीच झालं.

अशी उशी तीन बाजूंनी मशीनवर शिवतात. मग उलटवून कापूस भरतात आणि चौथी बाजू हाताने बंद करतात, कारण भरलेली उशी मशीनखाली जात नाही. तीन बाजू बाजारात शिवलेल्या होत्या, ठीकठाक. पण चौथी! एक टाका बोटाच्या पेराएवढा, पुढचा मुंगीएवढा. एक वर चढलेला, एक खाली घसरलेला. दोरा कुठे ओढून चुणी पाडलेली, कुठे सैल. नुकती सुई धरायला शिकलेल्याने, तीही कुणाच्या तरी धाकाने शिवली असावी, अशी ती बाजू. कापूस एका कोपऱ्यातून डोकावत होता. दोन टाके घातले असते तर भागलं असतं.

पण मला ते जमत नाही. खराब शिवणीवर चांगला टाका घालणं म्हणजे मळक्या शर्टाला इस्त्री करणं. मी ब्लेड काढलं आणि अख्खी बाजू उसवली.

मग दुसरी बघितली. तिचा कापूस कुठेही बाहेर नव्हता. तीही उसवली. मनाशी म्हणत होतो, इथे एवढी माणसं बसतात, डोळे मिटून बसतात म्हणून कुणाला दिसत नाही, पण मला तर दिसतंय. बोलायची बंदी असल्यामुळे कुणी हटकणारही नव्हतं. मध्ये कोठीवाले भंते दारात आले, मांडीवरची उघडी उशी आणि बाजूची रास बघून थबकले. तोंड उघडलं, मिटलं. घंटा व्हायला अजून वेळ होता. त्यांनी खाली वाकून जमिनीवर पडलेले दोरे एकेक करून वेचले, तळहातावर गुंडाळले आणि निघून गेले. मला वाटलं, माणूस स्वच्छतेचा भोक्ता दिसतो.

सहा उशा अगदीच वाईट होत्या. पुढच्या सहा त्यापेक्षा बऱ्या. त्यांत टाके वाकडे होते, पण लांबीला काही हिशेब होता, आणि शिवणारा चुकला की तिथे थांबून गाठ मारून पुन्हा सुरुवात करत होता. ही चांगली सवय असते. तरी उसवल्या. शिकायचंय तर चुकीचं ठेवून कसं चालेल?

तेराव्या उशीशी मात्र हात थांबला. टाका सरळ. तांदळाच्या दाण्याएवढा नाही, गव्हाच्या म्हणा, पण एकसारखा. उजवीकडे झुकलेला, कोपऱ्यात दुहेरी घेतलेला, गाठ आत लपवलेली. मी बोट फिरवलं. खिडकीशी नेऊन बघितली. मग पुढच्या बघितल्या. अशा सात निघाल्या. म्हटलं, चला, इथे एक तरी हात कामाचा आहे. खडू काढला आणि सातही उशांच्या खालच्या बाजूला एकेक रेघ ओढली.

उरली थोरल्या भंतेंच्या बुडाखालची. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी डोळे उघडले. मी उशीकडे बोट केलं, हाताने शिवून दाखवलं. त्यांनी हसून मान हलवली. नाही. मी ब्लेड दाखवलं. ते आणखी हसले आणि जरा अधिकच रेलून बसले. मी हात जोडले आणि परत फिरलो. जेवणापर्यंत माझ्या पाच उशा नव्याने शिवून झाल्या होत्या, सुबक, दुकानातून आल्यासारख्या.

घंटा झाली. खाली लांब बाकावर सगळे जेवायला बसले आणि सकाळभर कोंडलेलं बोलणं एकदम सुटलं. मेहुणी तर घंटेचा आवाज विरायच्या आतच सुरू झाली.

"दाजी, पाच तास! पाच तास मी गप्प होते! एवढी भूलीच्या इंजेक्शनानेसुद्धा राहत नाही!"

कोठीवाले भंते माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा ओशाळा होता.

"तुम्ही फार कष्ट घेतलेत," ते म्हणाले. "पण मी दोनच टाके म्हटलं होतं."

"ती शिवण टिकली नसती, भंते."

"तीन वर्षं टिकली होती."

मी म्हटलं, जाऊ द्या, आता जन्मभर टिकेल. आणि मग ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. तीन वर्षांपासून एक बाई इथे यायच्या, साठीच्या, बारीक, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या. आठवतात का?

"शिवणवाल्या ताई? न आठवायला काय झालं! या वर्षी आल्या नाहीत."

"त्या डावखुऱ्या होत्या," मी म्हटलं. खात्री करायची म्हणून.

"नाही नाही. उजव्या हाताने शिवायच्या."

म्हणजे दुसरं कुणी तरी. मी ताटाकडे बघायला लागलो. भंते मात्र बोलतच राहिले.

"पहिल्या वर्षी तर सुईत दोरा ओवायलाच त्यांना अर्धा दिवस लागला. डावा हात मांडीवर शाल टाकून झाकलेला असायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, हा डावा आता थरथरतो, भंते. याने संप पुकारलाय. म्हणून उजव्याला शिकवतेय, तोही माझ्यासारखाच म्हातारा, लवकर शिकत नाही."

मेहुणीच्या हातातला चमचा ताटात पडला.

मेहुणीनेच सांगितलं. ही माझी ताई. हे माझे दाजी, तिचा नवरा. ताई गेली, आठ महिने झाले.

कोठीवाल्या भंतेंनी ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ते परीक्षक तुम्ही."

"कोण परीक्षक?"

"त्या म्हणायच्या, घरी एक परीक्षक आहे. वाकडं दिसलं की उसव म्हणतो. ते त्याचं बरोबरच असतं, पण शिकणाऱ्या हाताला रोज कसं सोसवेल? इथे कुणी उसव म्हणत नाही, म्हणून इथे येते. वाकडं शिवते, तुम्ही त्यावर बसता, झालं." वरच्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "सगळ्या वीस उशा त्यांच्याच."

आता सांगतो, त्या वेळी मला काय वाटलं. जमीन दुभंगावी वगैरे नाही वाटलं. वाटलं, उठावं, वर जावं, आणि त्या पाच सुबक उशा खिडकीतून खाली फेकून द्याव्यात. तिच्या हाताच्या बारा बाजू मी एका सकाळीत पुसून टाकल्या होत्या. ज्या शब्दापासून ती पाच तास दूर यायची, तोच शब्द घेऊन मी तिच्या मागोमाग इथे आलो होतो. आणि वर म्हणत होतो की शंभरांत तिचा टाका ओळखेन.

"मला का नाही सांगितलं तिने?" मी मेहुणीला विचारलं. राग तिच्यावर निघाला.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"बसवून ठेवलं असतं. काही करू दिलं नसतं."

"तेच," मेहुणी म्हणाली. डोळे पुसले, नाक ओढलं. "बटण उचलू दिलं नसतंत तुम्ही तिला. तुम्ही तसे वाईट नाही हो दाजी, पण तुमच्या मायेलासुद्धा मोजपट्टी आहे."

कोठीवाल्या भंतेंना काहीतरी आठवलं. "त्या सात उशांना मात्र तुम्ही हात लावला नाहीत. त्यावर पांढरं काय ओढलंय? धुतल्यावर जाईल ना?"

"कुठल्या सात?"

"खिडकीकडच्या. त्या गेल्या वर्षीच्या. शेवटच्या. जाताना म्हणाल्या होत्या, भंते, आता जमतंय. एखादं शिवलेलं न सांगता त्याच्यापुढे ठेवीन. उसव म्हणाला नाही, तर मग सगळं सांगून टाकीन."

मेहुणी माझ्याकडे बघत होती. पांढरं काय ते तिला माहीत होतं. भंतेंना नव्हतं.

"ते खडू आहे," मी म्हटलं. "जाईल धुतल्यावर." आणि मग मला रडू आलं. आठ महिन्यांत आलं नव्हतं तेवढं, नऊ भंतेंच्या देखत. पण ते रडणं वेगळं होतं, त्यात कडू काही नव्हतं. एकतीस वर्षांत मी तिला एक रेघ दिली नव्हती. आता एका सकाळीत सात दिल्या होत्या, आणि त्याही कुणाचा हात ते न ओळखता, खऱ्या. कुणी म्हणू नये की बायको म्हणून सूट दिली.

कोठीवाले भंते आत जाऊन एक डबी घेऊन आले. सकाळचे दोरे त्यांनी टाकले नव्हते. इथे काही टाकत नाहीत, दोऱ्याने मळ्यातल्या वेली बांधतात. उसवलेला दोरा तुम्ही हातात घेतला असेल तर माहीत असेल, तो लगेच सरळ होत नाही. टाक्याची वळणं धरून ठेवतो. मी एक दोरा बाकावर पसरला. लांब वळण, आखूड, लांब, लांब, आखूड. पहिल्या वर्षीचा. दुसरा पसरला, त्यातली वळणं जरा एका मापाची होत आली होती. तिने कुठे दम घेतला, कुठे पुन्हा सुरुवात केली, सगळं त्यात होतं. मी ती डबी खिशात ठेवली. वेलींसाठी माझं एक रीळ देऊन टाकलं.

जेवण झाल्यावर थोरल्या भंतेंनी मला खूण केली आणि वर नेलं. मेहुणी मागोमाग. त्यांनी स्वतःची उशी उचलून माझ्या हातात दिली.

"ही त्यांची सगळ्यात पहिली," ते म्हणाले. "सकाळी देणार नव्हतो. तुमच्या हातात ब्लेड होतं."

उशीच्या चौथ्या बाजूचे टाके बघून मला हसू आलं. एवढे वाकडे टाके मी जन्मात पाहिले नव्हते. एका कोपऱ्यात दोन बोटं जागा उघडी होती आणि तिथून कापूस डोकावत होता. खरंच दोन टाक्यांचं काम.

मी खिडकीत बसलो. सुईत दोरा ओवला आणि सुई डाव्या हातात घेतली.

"दाजी, काय करताय?"

"गप्प बस."

पहिला टाका कापडात शिरेचना. दुसरा माझ्याच बोटात शिरला. अंगुस्तान कुठल्या बोटात घालायचं हेसुद्धा कळेना. दोन बोटांची जागा शिवायला मला अर्धा तास लागला. घाम आला. तिला पहिली अख्खी उशी शिवायला किती दिवस लागले असतील, याचा अंदाज मला तेव्हा आला. शेवटची गाठ मेहुणीने मारू का विचारलं, मी नाही म्हटलं, दातांनी दोरा धरून मारली. माझे टाके तिच्या टाक्यांना लागून उभे होते, डावीकडे झुकलेले, एकाहून एक वेडेवाकडे. तिचे त्यामानाने शहाणे वाटत होते.

मेहुणीने उशी माझ्या हातातून घेतली. उजेडात धरली. डोळे बारीक केले, जीभ टाळ्याला लावून चक् केलं, अगदी माझ्यासारखं. या क्षणाची ती नवव्या वाढदिवसापासून वाट बघत असणार.

"उसवा," ती म्हणाली.

सवयीने माझा हात खिशातल्या ब्लेडकडे गेला. पण तोवर थोरल्या भंतेंनी उशी तिच्या हातातून काढून घेतली होती, भिंतीशी टाकली होती, आणि तिच्यावर बसून डोळे मिटून घेतले होते.

उसवून उघड्या राहिलेल्या सात उशा मी दुसऱ्या दिवशी बंद केल्या, डाव्या हाताने. पुढच्या वर्षी कोठीवाल्या भंतेंनी माझ्यासाठी आठ नव्या उशा शिवायला ठेवायचं कबूल केलंय.